काढा, रस, चूर्ण, तेल: घरगुती औषधी वनस्पतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधी वनस्पतींबद्दल तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून ते क्रमाने इथे लिहून ठेवले आहेत. सुरुवातीला कृतीचे प्रश्न आहेत, मग एकेका वनस्पतीचे, आणि शेवटी अडचणीचे. घाई असेल तर निदान १६ ते २० एवढे तरी वाचा.

१. काढा, फांट, हिम, रस, कल्क यांत फरक काय? शेवटी सगळं पाण्यातच ना?

सगळं पाण्यात नाही, आणि फरक चांगलाच आहे. ताजा पाला कुटून कापडातून पिळला की जो निघतो तो स्वरस किंवा अंगरस. पाल्याची वा मुळाची वाटून केलेली लगदी म्हणजे कल्क. भरड पाण्यात उकळून आटवली की काढा. थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी कुस्करून गाळलं की हिम. उकळतं पाणी ओतून, झाकून, थोड्या वेळाने गाळलं की फांट, म्हणजे आपल्या चहासारखं.

आयुर्वेदात या पाचांना पंचविध कषायकल्पना म्हणतात. पचायला सगळ्यांत जड स्वरस, मग उतरत्या क्रमाने कल्क, काढा, हिम, फांट. ज्याची भूक मंदावली आहे त्याला वाटीभर रस पाजू नये, ते यामुळेच.

निवडीचा ढोबळ नियम असा: साल, मूळ, खोड असं कठीण असेल तर काढा. वास हाच ज्याचा गुण आहे ते (तुळस, गवती चहा, पुदिना) असेल तर फांट. आणि पित्ताची, उन्हाळ्याची, लघवीच्या जळजळीची तक्रार असेल तर हिम. धने आणि वाळा यांचा हिमच करतात, कोणी काढा करत बसत नाही.

२. काढा नेमका किती आटवायचा? कोणी निम्मा म्हणतं, कोणी पाव.

ग्रंथातलं एक माप असं आहे: भरडीच्या सोळापट पाणी घालून आठवा हिस्सा उरवायचा. दुसरी रीत द्रव्य बघून पाणी घ्यायची: मऊ असेल तर चौपट, मध्यम असेल तर आठपट, कठीण असेल तर सोळापट, आणि चौथा हिस्सा उरवायचा. घरी ही दुसरी रीत सोपी पडते. १० ग्रॅम सालीची भरड, १६० मिली पाणी, आटून ४० मिली. निम्मा आटवणं हे बहुतेक वेळा घाईमुळे रूढ झालेलं माप आहे.

पाव हिस्सा ओळखायचा कसा, हा खरा प्रश्न. आधी भांड्यात ४० मिली पाणी ओता, त्यात स्वच्छ काडी उभी धरून ओलीची खूण करा, मग उरलेलं पाणी घाला. आटत आलं की काडी बुडवून बघायची. अंदाजावर सोडलं तर एक दिवस काढा पातळ होतो आणि दुसऱ्या दिवशी तळाला लागतो.

आणखी दोन गोष्टी. भरड जाडसर हवी. पीठ केलं तर ते खाली बसून करपतं आणि गाळलं तरी घशात खरखरतं. आच मंद हवी. काढा त्याच दिवशी संपवावा, सकाळचा संध्याकाळी तापवून घेऊ नये.

३. काढा उकळताना झाकण ठेवावं का?

काढ्याला नाही, फांटाला हो. झाकून उकळलेला काढा पचायला जड होतो असं जुनं मत आहे, आणि झाकणाने आटायलाही उशीर लागतो. सुगंधी द्रव्यांचं उलट आहे. तुळस, ओवा, दालचिनी यांचा गुण उडून जाणाऱ्या तेलात असतो. घरभर छान वास सुटला म्हणजे तेवढं औषध पातेल्यातून निघून गेलं.

मिश्र काढ्यात दोन्ही सांभाळता येतं. सुंठ, ज्येष्ठमध, गुळवेल आधी उकळून आटवा, गॅस बंद करा, मग तुळशीची पानं चुरडून टाका आणि दहा मिनिटं झाकून ठेवा.

४. भांडं कोणतं घ्यावं?

जुन्या पद्धतीत काही सांगितलं नसेल तर मातीचं. आज स्टीलचं चालतं. लोखंडाच्या कढईत हिरडा किंवा आवळा उकळलात तर काढा शाईसारखा काळा होईल, कारण त्यातला तुरट अंश लोखंडाशी संयोग पावतो. तांब्या-पितळेचं भांडं कल्हई नसताना आंबट द्रव्यांना वापरू नये. अ‍ॅल्युमिनियम टाळा.

५. कृतीत वाळलेलं सांगितलंय, माझ्याकडे ताजं आहे. प्रमाण तेच?

साधारणपणे ताजं दुप्पट घ्यायचं, कारण त्यात पाणी असतं. पण याला अपवाद आहेत आणि तेच लोक विसरतात. गुळवेल, अडुळसा, कुडा, शतावरी, अश्वगंधा, कोहळा ही द्रव्यं ताजीच वापरावीत आणि तरीही दुप्पट करू नयेत, असा ग्रंथांचा नियम आहे.

उलट टोकाचेही अपवाद आहेत. वावडिंग, पिंपळी, गूळ, धने, तूप आणि मध ही जुनीच चांगली मानतात. बाकी सगळं नवं.

कृतीत नुसतं वनस्पतीचं नाव असेल तर कोणता भाग घ्यायचा, असंही बरेच जण विचारतात. नियमाने मूळ. वेळ दिली नसेल तर सकाळ. प्रमाण दिलं नसेल तर सगळं समभाग. जुन्या कृती इतक्या त्रोटक का असतात ते यावरून कळेल: ज्याला हे पाठ आहे त्याच्यासाठीच त्या लिहिलेल्या आहेत.

६. चूर्ण किती दिवस टिकतं? माझ्याकडे तीन वर्षांपूर्वीची बरणी आहे.

ती बरणी टाकून द्या. घरी केलेलं चूर्ण दोन महिन्यांत उतरतं असं जुना हिशेब सांगतो, तर अखंड वाळलेलं द्रव्य वर्षभर चालतं. म्हणून मुळ्या, साली, फळं अख्खी ठेवायची आणि लागेल तसं पंधरवड्यापुरतं कुटायचं. सुंठ कुटल्याच्या दिवशी नाकाला झोंबते, तीन महिन्यांनी त्याच डबीतली सुंठ नुसत्या लाकडाच्या भुशासारखी लागते. गाठी धरल्या, जाळी लागली किंवा कुबट वास आला तर मुदतीचा हिशेबही करू नका.

७. अडुळशाची पानं कितीही वाटली तरी रस निघत नाही. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही, अडुळसा आहेच तसा. पान जाड आणि चिवट असतं, नुसतं वाटून लगदा होतो. त्यासाठी पुटपाक करतात. पानं धुऊन, कुटून त्यांचा गोळा करायचा, तो मोठ्या पानांत (वड, जांभूळ किंवा एरंड) गुंडाळून दोऱ्याने बांधायचा, वरून मातीचा बोटभर जाड लेप द्यायचा आणि निखाऱ्यात ठेवायचा. माती लालसर झाली की बाहेर काढून फोडायची आणि आतला गोळा गरम असतानाच पिळायचा. निखारे नसतील तर पानं चाळणीत ठेवून दहा मिनिटं वाफवा. तीच पानं पिळल्यावर गडद हिरवा, कडूजहर रस सहज सुटतो.

मोठ्या माणसाला दोन चहाचे चमचे, निवल्यावर मध घालून, कफ सुटत नसलेल्या खोकल्यात देतात. अडुळशात व्हॅसिसिन नावाचा अल्कलॉइड असतो. खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्सिन हे त्याच्यावरच काम करून घडवलं गेलं. गरोदर बाईला अडुळसा देऊ नये, कारण प्रश्न १७ मध्ये आहे.

८. गुळवेल खरी की दुसरीच, हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि यायलाच हवा. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे सुरू झाले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी असे काढे घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नव्हती, टिनोस्पोरा क्रिस्पा ही भावकीतली वेल असू शकते. वाद अजून आहे. माझं मत असं की दोन्ही बाजूंचं ऐकून सामान्य माणसाने एकच बोध घ्यावा: वेल ओळखल्याशिवाय घ्यायची नाही, आणि खरी असली तरी महिनोन्‌महिने घ्यायची नाही.

आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत. खोडावर कागदासारखी पातळ साल, नखाने ओढली की सुटते आणि खाली हिरवं दिसतं. सालीवर बारीक ठिपके असतात. आडवं कापलं की चाकाच्या आऱ्या दिसतात. क्रिस्पाच्या खोडावर ठिपक्यांऐवजी ठसठशीत गाठी असतात, हाताला खडबडीत लागतात आणि चव कितीतरी कडू. कोवळ्या खोडावर हा फरक नीट दिसत नाही, म्हणून अंगठ्याएवढं जाड खोडच तपासा.

यकृताचा किंवा स्वप्रतिकारक आजार असेल (संधिवाताचा काही प्रकार, ल्युपस वगैरे), तर गुळवेल स्वतःच्या मनाने सुरूच करू नका. घेताना भूक मेली, मळमळ वाढली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे वाटले तर बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

९. गुळवेल सत्त्व घरी करता येतं का?

येतं, पण चिकाटी हवी. जाड, ताजं खोड घेऊन वरची साल खरवडा, बोटभर तुकडे करून ठेचा, चौपट पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी हाताने खूप चोळा, फडक्याने गाळा आणि पाणी हलू न देता ठेवून द्या. तळाला पांढरट साका बसतो. वरचं पाणी अलगद ओतून साका सावलीत वाळवला की सत्त्व. टोपलीभर वेल ठेचून हातात चिमटी-दोन चिमटी येते. बाजारात ढिगाने मिळणारं ‘सत्त्व’ बघून शंका का घ्यावी, हे एकदा स्वतः केलं की समजतं.

१०. त्रिफळा म्हणजे तिन्ही फळं सारखीच ना?

हो, हिरडा, बेहडा, आवळा, बिया काढून, वजनाने समभाग. वेगळी प्रमाणंही प्रचारात आहेत, पण समभाग रूढ आहे. पोटासाठी रात्री चहाचा अर्धा ते एक चमचा कोमट पाण्यातून. जुलाब होत असतील किंवा अंगात फार अशक्तपणा असेल तर नको.

११. घसा बसतो म्हणून रोज ज्येष्ठमध चघळतो. चालेल?

चार-सहा दिवस चालेल, रोजची सवय नको. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं. रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर चघळूच नका.

जाता जाता: गुंजेचा पालाही गोड लागतो आणि गळ्यासाठी चघळतात. पण त्याच वेलीचं लालभडक, काळ्या डोळ्याचं बी जहाल विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर ती वेल नकोच.

१२. माक्याचं तेल कसं करायचं? माझं दरवेळी करपतं किंवा बुरशी येते.

प्रमाण पाठ करा: कल्क एक भाग, तेल चार भाग, रस किंवा काढा सोळा भाग. म्हणजे २५० मिली तिळाच्या तेलाला माक्याचा एक लिटर रस आणि साधारण ६० ग्रॅम वाटलेला माका. सगळं रुंद भांड्यात घालून मंद आचेवर ठेवायचं आणि ढवळत राहायचं. एका बैठकीत उरकायची घाई नको, दोन दिवसांत केलं तरी चालतं.

बुरशी येते म्हणजे पाणी राहिलं. करपतं म्हणजे वेळ टळली. मधली नेमकी घडी ओळखायच्या तीन खुणा आहेत. तळाचा गाळ चिमटीत घेऊन वळला की वात वळली पाहिजे, बोटाला चिकटता कामा नये. ती वात विस्तवावर धरली तर तडतडली नाही पाहिजे, तडतड म्हणजे पाणी. आणि तेलावर फेस येऊ लागला पाहिजे. (तुपाचं उलट: तयार होताना फेस बसतो.)

माझं पहिलं तेल मी दाराची बेल वाजली म्हणून पाच मिनिटं सोडून गेलो. परत येईतो गाळ कडक, काळा आणि वास करपट. ते गाळून वापरायचा मोह झाला होता, पण असं जळलेलं तेल कामाचं नाही. शेवटी ते बिजागऱ्यांना घातलं.

१३. कोरफड कापल्यावर पिवळं पाणी येतं. ते काढायचं का?

पोटात घ्यायची असेल तर अवश्य. सालीलगतचा तो पिवळा चीक तीव्र रेचक आहे. पान कापून देठाची बाजू खाली करून अर्धा तास उभं ठेवा, चीक निथळू द्या, मग साल जाड काढा आणि आतला पारदर्शक गर धुऊन घ्या. त्वचेवर लावतानाही हेच करा, चिकाने काहींना खाज सुटते.

१४. ब्राह्मी म्हणून जी मिळते ती खरी ब्राह्मी आहे का?

दोन वनस्पती या नावाने चालतात. बारीक, मांसल, लांबट पानांची, पांढरट फुलांची, पाणथळ जागी पसरणारी ती बॅकोपा, म्हणजे नीरब्राह्मी. गोल, किडनीच्या आकाराच्या, दातेरी कडेच्या एकेका पानाची ती मंडूकपर्णी. महाराष्ट्रात बरेचदा दुसरीलाच ब्राह्मी म्हणतात. दोन्हींचे उपयोग जवळचे असले तरी झाडं निराळी, म्हणून कृतीत कोणती अभिप्रेत आहे ते विचारून घ्या. पुनर्नवा आणि चिराईत यांच्याबाबतीतही असाच घोळ आहे.

१५. गरम काढ्यात मध घालू नये म्हणतात, ते खरं का?

आयुर्वेदात मध तापवणं निषिद्ध आहे. आधुनिक बाजूने बघितलं तर तापवल्याने त्यातली विकरं नष्ट होतात. काढा पिण्याइतका कोमट झाला की घाला, प्रश्न मिटला. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध कोणत्याही तापमानाचा नको, पुढचा प्रश्न बघा.

१६. बाळाला गुटी द्यावी का? सासूबाई म्हणतात आम्ही सगळ्यांना दिली.

सासूबाईंचा हेतू चांगला आहे, तरी पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हाच सल्ला जागतिक आरोग्य संघटना देते आणि तोच पाळावा. कारणं नेमकी आहेत. गुटीतल्या वेखंडात बीटा-असारोन हे घातक द्रव्य असतं. याच कारणाने अमेरिकेत १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांतून बाद केलं गेलं. जायफळाचा एखादा वळसा जास्त पडला तर बाळ गुंगीत जातं, आणि ‘छान झोपलं’ म्हणून घरचे खूश होतात. सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाब. मधातून बोट्युलिझमचे जिवाणू जाऊ शकतात, तान्ह्या बाळाचं आतडं त्यांना आवरू शकत नाही.

कडुनिंबाचं तेल लहान मुलाला पोटात कधीही देऊ नका. त्याने झटके येऊन मुलं दगावल्याच्या नोंदी आहेत.

१७. गरोदरपणात काय टाळावं?

अडुळसा (गर्भाशयाचं आकुंचन होऊ शकतं), कोरफडीचा चीक, सोनामुखी, वेखंड, अश्वगंधा, आणि ज्येष्ठमध औषधाच्या प्रमाणात. स्वयंपाकातली हळद, आलं, जिरं यांना कोणी नको म्हणत नाही, पण त्यांचंच चमचा-चमचा चूर्ण म्हणजे स्वयंपाक नव्हे. बाकी काहीही घ्यायचं तर प्रसूतितज्ज्ञांना सांगून.

१८. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. सोबत हे घेतलं तर?

गोळ्या कोणत्या यावर आहे. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर हळद, लसूण, आलं यांचे औषधी डोस नकोत. मधुमेहाच्या गोळ्यांवर मेथी, कारलं, गुडमार घेतलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. थायरॉइडच्या गोळीसोबत अश्वगंधा नको. इसबगोलाने इतर औषधं शोषली जाण्यात अडथळा येतो, दोन तासांचं अंतर ठेवा आणि पाणी भरपूर प्या. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी सगळं थांबवून भूलतज्ज्ञांना यादी द्या. ‘साधा काढाच तर होता’ म्हणून लपवू नका.

१९. मधुमेहाला रोज सदाफुलीची पानं खातात, बिब्बाही लावतात. घरचीच तर झाडं आहेत.

सदाफुलीतून व्हिंक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगाची औषधं मिळतात. पेशींची वाढ थांबवणारी ती द्रव्यं पानाबरोबर किती पोटात जातात ते तुम्हाला मोजता येत नाही. खाऊ नका.

बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात, काहींचं तर अंग सुजतं. आयुर्वेदात तो शोधन केल्यावरच, म्हणजे त्यातला विषारीपणा कमी केल्यावरच वापरतात. बिब्बा, बचनाग, धोतरा, गुंज, कण्हेर, कुचला, रुई ही सगळी भारतीय औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत. यांचं शोधन घरात करायचं नाही.

२०. साप चावल्यावर किंवा कावीळ झाल्यावर झाडपाल्याचं औषध लागू पडतं, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

पाहिलं असेल, खोटं म्हणत नाही. पण बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दरवेळी विष सोडतोच असं नाही. तशा माणसाला काहीही पाजलं तरी तो वाचतोच. विष भिनलं असेल तर उपाय एकच, प्रतिसर्पविष, आणि ते दवाखान्यातच मिळतं. सर्पदंशावर देतात त्या सापसंदेच्या मुळात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं, त्याने किडनी निकामी होते आणि कर्करोगही होतो.

काविळीचंही तसंच. दूषित पाण्याची, हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते, श्रेय त्या दिवसांत घेतलेल्या औषधाला मिळतं. पण पित्तनलिकेत खडा असेल किंवा यकृत निकामी होत असेल तर तेवढे आठवडे हातात नसतात. आधी रक्ततपासणी. भुईआवळ्याचं काय ते मग वैद्यांना विचारा.

२१. झाडाचा फोटो पाठवला तर ओळखून सांगाल का?

फोटोवरून अंदाज सांगता येतो, पोटात घ्यायला हरकत नाही असं सांगता येत नाही. त्याऐवजी फुलासकट, जमल्यास फळासकट, वीतभर फांदी तोडा. वर्तमानपत्राच्या घडीत पानं पसरून ठेवा, एखादं पान उलटं, म्हणजे मागची बाजू दिसेल. वर जड पुस्तकं ठेवा आणि कागद रोज बदला. आठवड्याभरात फांदी वाळते. फुलाचा रंग, चीक येतो का, पान चुरगळल्यावर वास कसा येतो आणि झाड कुठे उगवलं होतं, हे चिठ्ठीवर लिहून फांदीसोबत ठेवा, कारण वाळल्यावर यांतलं काहीच उरत नाही. ती घडी जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतीशास्त्र विभागात किंवा आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागात घेऊन जा.